कळफलक खोटा, धावपळ खरी

हॅकर, म्हणजे दुसऱ्याच्या संगणकव्यवस्थेत परवानगीवाचून शिरणारा तंत्रज्ञ, हा ज्या चित्रपटाचा नायक असतो, पण ज्याच्या कथेचा निकाल अखेर पिस्तूल, मोटार आणि बॉम्बस्फोट यांनीच लागतो, अशा चित्रपटांना प्रस्तुत लेखात ‘हॅकरी मारधाडपट’ असे म्हटले आहे. समीक्षकांच्या पंक्तीत या प्रकाराला पाट कधी मिळाला नाही आणि प्रेक्षकांनी त्याला उपाशी कधी ठेवले नाही. डॉमिनिक सेना यांनी दिग्दर्शित केलेला आणि जून २००१ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झालेला ‘स्वॉर्डफिश’ हा या जातीचा अस्सल नमुना होय. त्यातील दोष शोधायला भिंग लागत नाही, आणि तरीही तो अर्ध्यावर बंद करणे सहसा कोणाला जमत नाही. त्याच्यावरचे आक्षेप कितपत टिकतात, त्याचे प्रचलित समर्थन कितपत टिकते आणि त्याच्या गुणदोषांची वाटणी नेमकी कोठे करावी, हा या विवेचनाचा विषय आहे. कसोटीसाठी २०१८ साली पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर पडलेला संगणकीय दरोडा घेतला आहे, कारण तो महाराष्ट्रात घडला, त्याचा न्यायालयीन निकाल लागला, आणि त्यात दोषी ठरलेल्यांपैकी काही जण भिवंडीचे रहिवासी होते.

चित्रपटाची कथा थोडक्यात अशी. स्टॅन्ली जॉब्सन (ह्यू जॅकमन) याने एफबीआय या अमेरिकी तपाससंस्थेच्या टेहळणी-प्रणालीची नासधूस केलेली असून, त्याबद्दलची शिक्षा भोगून तो बाहेर आला आहे. संगणकाला हात लावण्याची त्याला न्यायालयीन मनाई आहे, आणि मुलगी घटस्फोटित पत्नीच्या ताब्यात असल्याने तिला भेटण्याचीही चोरी आहे. गॅब्रिएल शिअर (जॉन ट्रॅव्होल्टा) नावाचा गूढ धनवान जिंजर (हॅले बेरी) या स्त्रीकरवी त्याला गाठतो, नुसत्या भेटीचे एक लाख डॉलर देऊ करतो, आणि अमली पदार्थविरोधी जुन्या सरकारी मोहिमेतून मागे राहिलेले, पडून पडून ९५० कोटी डॉलरपर्यंत फुगलेले धन बँकेतून काढून देण्याचे काम सांगतो. त्यानंतर बँकेत माणसे ओलीस धरली जातात, त्यांच्या अंगावर पोलादी गोळ्यांनी भरलेली स्फोटके बांधली जातात, ओलिसांची अख्खी बस हेलिकॉप्टरला टांगून लॉस एंजेलिसच्या इमारतींवरून फिरवली जाते, आणि सर्वांनी मेला म्हणून सोडून दिलेला खलनायक पैशासह सुखरूप निसटतो. या सगळ्याची तयारी म्हणून चित्रपटाच्या आरंभीच गॅब्रिएल कॅमेऱ्यासमोर बसून हॉलिवूडच्या चित्रपटांत वास्तवाचा कसा दुष्काळ असतो यावर सविस्तर प्रवचन देतो. टीकाकारांनी जो आरोप पुढे शोधून काढला, तो चित्रपटाने पहिल्या काही मिनिटांतच स्वतःच्या खलनायकाच्या तोंडी घालून ठेवला होता, याची नोंद करून मगच खटला चालवणे न्याय्य ठरेल.

पूर्वपक्ष, म्हणजे खंडन करण्यापूर्वी प्रामाणिकपणे मांडावयाची प्रतिपक्षाची बाजू, तीन कलमांची आहे. पहिले कलम असे की, या चित्रपटांतील संगणकशास्त्र धादांत खोटे असते, म्हणून ते टाकाऊ ठरतात. दुसरे असे की, संगणकाची कथा रूक्ष पडते म्हणून तिला मारधाडीचे ठिगळ लावलेले असते, आणि गुन्ह्याच्या स्वरूपाशी त्या मारधाडीचा काही संबंध नसतो. तिसरे असे की, अशा चित्रपटांत गुन्हेगाराचे उदात्तीकरण होते आणि शेवटी तो सुटून गेल्याने तरुण प्रेक्षकापुढे वाईट आदर्श उभा राहतो. या तिन्हींच्या जोडीला समर्थकांचा एक चौथा युक्तिवाद ऐकू येतो, तो म्हणजे करमणुकीसाठी काढलेला चित्रपट डोके बाहेर ठेवून पाहावा आणि त्याची चिकित्सा करू नये. हा युक्तिवाद वरवर मित्रत्वाचा असला तरी त्याचाही समाचार घेणे आवश्यक आहे.

पहिल्या कलमाला चित्रपटाने भरपूर पुरावा पुरवला आहे. स्टॅन्लीची परीक्षा घेण्यासाठी गॅब्रिएल त्याला एका नाइट क्लबात नेतो, समोर लॅपटॉप ठेवतो आणि अमेरिकी संरक्षण खात्याच्या यंत्रणेत शिरण्यासाठी साठ सेकंद देतो. कानशिलाला पिस्तूल टेकवलेले असते, आणि त्याच वेळी एका तरुणीकरवी त्याचे चित्त विचलित करण्याची जी सोय केलेली असते तिच्या तपशिलात शिरण्याचे कारण नाही. कुलूप १२८ बिटांचे आहे असे सांगितले जाते. बिट म्हणजे शून्य किंवा एक असा एक अंक. असे १२८ अंक असलेल्या किल्लीच्या एकूण शक्यता ३९ आकडी संख्येइतक्या होतात. सेकंदाला एकावर अठरा शून्ये इतक्या किल्ल्या लावून पाहणारे यंत्र कोणी बनवले, तरी सगळ्या किल्ल्या तपासायला सुमारे दहा लाख कोटी वर्षे लागतील, आणि विश्वाचे आजवरचे वय शास्त्रज्ञ सुमारे १३८० कोटी वर्षे मानतात. स्टॅन्ली हे काम एका मिनिटात उरकतो. पुढे तो सात पडद्यांसमोर बसून, मद्याचे घोट घेत, खुर्चीतल्या खुर्चीत नाचत एक संगणकीय किडा, म्हणजे एका यंत्रातून दुसऱ्यात आपोआप पसरणारी आज्ञावली, तयार करतो, आणि ती आज्ञावली अक्षरांच्या ओळींत न लिहिता पडद्यावर फिरणाऱ्या घनाकृती ठोकळ्यांतून जुळवतो. काम फत्ते झाल्यावर ठोकळे एकमेकांत चपखल बसतात, आणि संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला आपण चार वर्षे कशाला घालवली असा प्रश्न पडतो.

हे सर्व दोष मान्य करूनही त्यांतून काढलेला निष्कर्ष मान्य करता येत नाही. रंगभूमीवर आणि पडद्यावर प्रत्येक अदृश्य क्रियेसाठी एक दृश्य संकेत ठरवावा लागतो. संगीत नाटकात प्राण कंठाशी आलेले पात्रही सुरात पद म्हणते, आणि वैद्यकशास्त्राच्या नावाने त्यावर कोणी हरकत घेत नाही, उलट वन्स मोअर मिळतो. प्रत्यक्ष घुसखोरी ही महिनोन्महिने चालणारी, बहुतांशी वाट पाहण्याची क्रिया असल्याने तिचे यथातथ्य चित्रण म्हणजे खुर्चीवर बसलेला एक कंटाळलेला माणूस एवढेच होईल. अचूकतेने चित्रपट तरत नाही याचा दाखला मायकेल मान यांच्या २०१५ च्या ‘ब्लॅकहॅट’ने दिला आहे, त्यातील संगणकीय तपशिलांची जाणकारांनी प्रशंसा केली, पण सुमारे सात कोटी डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटाला जगभरातून दोन कोटींच्या आसपासच मिळाले. ‘स्वॉर्डफिश’ने ठोकळे फिरवून सुमारे पंधरा कोटी डॉलर गोळा केले. गल्ल्यावरून कलाकृतीची प्रत ठरत नाही हे खरे. मात्र तांत्रिक अचूकता ही मूल्यमापनाची एकमेव कसोटी म्हणून पुढे करणाऱ्यांनी या दोन निकालांचे उत्तर द्यावयास हवे.

पहिल्या कलमाचे याहून गंभीर खंडन असे की, किल्लीचे बिट मोजणारा समीक्षक आणि बिट फोडणारा चित्रपट हे दोघे एकाच चुकीचे भागीदार आहेत, कारण संगणकीय चोरी गणिताचे कुलूप फोडून होते असे दोघेही गृहीत धरतात. प्रत्यक्षात चोर कुलपाच्या वाटेला जात नाही. तो माणसाकडून दार उघडून घेतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या न्यूयॉर्कमधील खात्यातून ९५ कोटी १० लाख डॉलर काढण्याचा प्रयत्न झाला. त्यात पहिला प्रवेश मिळाला तो नोकरीसाठी अर्ज करीत असल्याची बतावणी करणाऱ्या, आत घातक आज्ञावली दडवलेल्या ईमेलमधून. चोरांनी त्यासाठी निवडलेला मुहूर्तही पाहण्याजोगा आहे. ढाक्यात शुक्रवार-शनिवारची साप्ताहिक सुटी, त्यानंतर न्यूयॉर्कमध्ये रविवार, आणि लगोलग मनिलात चिनी नववर्षाची सुटी, असे दिवस जुळवून त्यांनी हात मारला. यातील बहुतेक रक्कम वाचली तीही कोणा प्रतिभावान प्रति-हॅकरमुळे नव्हे. एका आदेशातील पत्त्यात ‘ज्युपिटर’ हा शब्द होता, तो बंदी घातलेल्या एका जहाजाच्या नावाशी जुळल्याने व्यवहार अडले, आणि दुसऱ्या एका आदेशात ‘फाउंडेशन’चे स्पेलिंग चुकल्याने मधल्या बँकेला शंका आली. तरीही ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्सला पोहोचले आणि त्यांतील बराचसा भाग तेथील जुगारघरांत जिरला. दरोडेखोराचे मुख्य हत्यार भिंतीवरचे कालनिर्णय आणि बँकेचा शेवटचा पहारेकरी शुद्धलेखन, असे हे वास्तव आहे. साठ सेकंदांच्या परीक्षेवर हसणाऱ्याने ते ध्यानात घेतले, तर त्याचे हसू योग्य जागी पोहोचेल.

दुसऱ्या कलमाचे, म्हणजे मारधाड हे ठिगळ आहे या आक्षेपाचे, खंडन कॉसमॉस प्रकरणाने होते, आणि या लेखाचा मुख्य मुद्दाही तोच आहे. एटीएममध्ये कार्ड घातले की यंत्राची विचारणा प्रथम ‘स्विच’ नावाच्या मधल्या संगणकाकडे जाते. स्विच ती बँकेच्या मूळ खातेवहीकडे, म्हणजे कोअर बँकिंग प्रणालीकडे पाठवतो, शिल्लक तपासली जाते, आणि होकार आला तरच नोटा बाहेर पडतात. हल्लेखोरांनी बँकेच्या यंत्रणेत घातक आज्ञावली सोडून खऱ्या स्विचला समांतर असा एक तोतया स्विच उभा केला, जो खातेवहीला न विचारता स्वतःच होकार देत असे. ११ ऑगस्ट २०१८ हा दिवस दुसरा शनिवार, म्हणजे बँकेच्या सुटीचा, होता. त्या दिवशी काही तासांत परदेशांतून सुमारे बारा हजार व्यवहारांत सुमारे ७८ कोटी रुपये आणि भारतातून सुमारे दोन हजार आठशे व्यवहारांत अडीच कोटी रुपये काढले गेले. पैसे काढण्याची ही ठिकाणे २८ देशांत पसरलेली होती. सोमवारी, १३ ऑगस्टला, स्विफ्ट या बँकांमधील आंतरराष्ट्रीय संदेशव्यवस्थेतून आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण नुकसान ९४ कोटी ४२ लाखांचे झाले.

या आकड्यांकडे थोडे जवळून पाहिले म्हणजे चित्रपटातील हेलिकॉप्टर तितकेसे हास्यास्पद उरत नाही. शनिवारचे व्यवहार एकूण पंधरा हजारांच्या घरात जातात. प्रत्येक व्यवहाराला एकच मिनिट धरले, आणि एकाच माणसाने न जेवता, न झोपता, एकाच यंत्रासमोर उभे राहून ते करायचे ठरवले, तर त्याला दहा दिवस लागले असते. ते झाले काही तासांत. याचा अर्थ असा की, तोतया स्विच उभा करणाऱ्याची बुद्धी कितीही तल्लख असली, तरी तिच्यातून एकही नोट आपोआप बाहेर पडत नव्हती. त्यासाठी ठरल्या वेळी, ठरल्या शहरांत, खिशात बनावट कार्डांची चळत घेऊन माणसे उभी असावी लागली. कोऱ्या कार्डाच्या चुंबकीय पट्टीवर दुसऱ्याच्या कार्डाची माहिती उतरवून ही कार्डे तयार केलेली होती. यंत्राच्या तोंडाशी उभे राहायचे, कार्ड घालायचे, आकडे दाबायचे, नोटांची फडफड थांबेपर्यंत वाट पाहायची, नोटा उचलायच्या, पुढचे कार्ड घालायचे. डोक्यावर कॅमेरा चालू असतो आणि मागे रांगेतला खरा ग्राहक चुळबुळत असतो. अशी माणसे कोल्हापुरात होती, मुंबईच्या परिसरात होती, आणि पोलिसांच्या हाती प्रथम लागली तीही याच थरातली. संगणकीय चोरीला पाय, पिशवी, वाहन आणि घड्याळ लागतेच लागते, आणि हा भाग दाखवायचा तर मारधाडपटाखेरीज दुसरा साचा सिनेमाकडे नाही. ज्याला ठिगळ म्हटले जाते, तेच या प्रकारातील मूळ कापड आहे.

आता तिसरे कलम. चित्रपटात हॅकरचे उदात्तीकरण आहे असे म्हणणाऱ्यांनी स्टॅन्लीच्या नोकरीच्या अटी पुन्हा वाचाव्यात. त्याला काम निवडण्याचे स्वातंत्र्य नाही. पैसा, धमकी आणि मुलीच्या जिवाची भीती या तिन्ही टोकांनी त्याला बांधले आहे. मालक कोण, त्याचा हेतू काय, पैसा जाणार कोठे, याची खरी माहिती त्याला अखेरपर्यंत कोणी देत नाही, आणि जी दिली जाते ती खोटी असते. प्रतिभेचे पोवाडे गाऊन झाल्यावर चित्रपट त्याला एका कंत्राटी कामगाराच्या जागी बसवतो, आणि हे चित्र कॉसमॉस प्रकरणातील खालच्या थराशी आश्चर्यकारक रीतीने जुळते. राहिला प्रश्न खलनायक सुटून जाण्याचा. एप्रिल २०२३ मध्ये, म्हणजे गुन्ह्यानंतर साडेचार वर्षांहून अधिक काळाने, पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवून कमाल चार वर्षांची शिक्षा दिली. हे सगळे पैसे काढण्याच्या आणि त्यासाठी माणसे जमवण्याच्या साखळीतले होते. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०१९ च्या अहवालात या हल्ल्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. अमेरिकेतही पुढे एका पैसे-फिरव्याला अशाच चोऱ्यांतील पैसा वळवल्याबद्दल शिक्षा झाली. मूळ सूत्रधार मात्र पुण्याच्या न्यायालयापुढे कधी उभा राहिला नाही. गॅब्रिएलच्या पलायनाला अनीती म्हणून नाके मुरडणाऱ्यांना हे मान्य करावे लागेल की, संपूर्ण चित्रपटात वास्तवाला सर्वांत जवळ असलेला प्रसंग हाच आहे.

येथवर चित्रपटाच्या शत्रूंचे खंडन झाले. आता त्याच्या मित्रांचे. डोके बाहेर ठेवून पाहा, असे सांगणारा समर्थक वस्तुतः चित्रपटाचा अपमान करीत असतो, कारण पाहण्यासारखे आत काही नाही हे त्याने आधीच कबूल केलेले असते. शिवाय प्रेक्षक डोके बाहेर ठेवतो हे विधानही खरे नाही. १९८३ च्या ‘वॉरगेम्स’मध्ये एक शाळकरी मुलगा घरच्या संगणकावरून अमेरिकेच्या अण्वस्त्रयंत्रणेत शिरतो, ही कथाही तितकीच अतिशयोक्त होती; पण ती पाहून राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी असे खरोखर घडू शकेल काय, अशी विचारणा आपल्या सेनाधिकाऱ्यांकडे केली, आणि पुढच्याच वर्षी संगणकसुरक्षेविषयीचा अध्यक्षीय आदेश निघाला. करमणुकीसाठी बसलेल्या माणसाने डोके बरोबर आणले होते म्हणूनच हे घडले. ‘स्वॉर्डफिश’ने असा कोणताही आदेश निघायला लावला नाही, तरी त्याची चिकित्सा करण्याचा अधिकार त्यामुळे बुडत नाही. चिकित्सा झाली तरच त्यातले खरे काय आणि खोटे काय हे निवडता येते.

मंडनाकडे, म्हणजे स्वतःची बाजू उभी करण्याकडे, वळताना भिवंडीचा संदर्भ केवळ आरोपींच्या पत्त्यापुरता राहत नाही. या शहरातील बहुसंख्य यंत्रमाग कारखानदार जॉबवर, म्हणजे दुसऱ्याच्या मालावर ठरलेली मजुरी घेऊन, कापड विणून देतात. सूत व्यापाऱ्याचे, त्याला खळ देऊन बीम भरून देण्याचे काम सायझिंगवाल्याचे, साचे, म्हणजे माग, कारखानदाराचे आणि हात कामगाराचे. कामगाराचा पगार विणलेल्या मीटरवर ठरतो. साच्यावरून उतरलेले ग्रे कापड, म्हणजे धुलाई-रंगाई न झालेला कोरा माल, पुढे कोणत्या शहरात रंगते आणि कोणाच्या अंगावर चढते हे त्या कामगाराला ठाऊक नसते, आणि ते त्याने विचारावे अशी कोणाची अपेक्षाही नसते. कष्टाने आणि उजळ माथ्याने चालणाऱ्या एका धंद्याची ही रीत आहे. संगणकीय चोरीने तिची सचोटी टाकून केवळ सांगाडा उचलला: माल एकाचा, यंत्र दुसऱ्याचे, हात तिसऱ्याचे, मोबदला नगावर, आणि अंतिम मालक पडद्याआड. काही दोषींचे पत्ते भिवंडीचे निघाले म्हणून शहराला बोल लावणे जितके अन्यायाचे, तितकेच, या गुन्ह्याला अशा कष्टकरी आणि सतत काम शोधणाऱ्या वस्त्यांची गरज पडते हे न पाहणे अडाणीपणाचे ठरेल. ‘स्वॉर्डफिश’चे श्रेय असे की, चकचकीत वेष्टनातून का होईना, त्याने हॅकर हा मालक नसून मजूर आहे हे दाखवले.

याच शहराने हॅकरपटांच्या आणखी एका लाडक्या दृश्याचा निकाल लावला आहे. खलनायकाचा फोन कोठून आला हे शोधताना या चित्रपटांत जगाचा नकाशा उजळतो, लाल रेषा हाँगकाँगहून मॉस्कोला आणि तेथून लंडनला उड्या मारते, आणि तंत्रज्ञ घाम पुसत ‘आणखी दहा सेकंद’ मागतो. महाराष्ट्र पोलिसांच्या दहशतवादविरोधी पथकाने २०२४ साली भिवंडीत एका बेकायदा टेलिफोन एक्स्चेंजवर कारवाई केली, तेव्हा सापडले ते सिम-बॉक्स. हे एक खोक्यासारखे यंत्र असून त्यात एकाच वेळी अनेक सिमकार्डे बसतात. परदेशातून इंटरनेटमार्गे आलेला फोन ते स्थानिक क्रमांकावरून आल्यासारखा पुढे पाठवते, त्यामुळे घेणाऱ्याला तो शेजारच्या गावचा वाटतो, दूरसंचार व्यवस्थेचे शुल्क बुडते आणि तपास करणाऱ्याला मूळ माणूस सापडत नाही. लाल रेषेची सगळी विश्वभ्रमंती एका खोक्यात आणि काही अँटेनांत मावते. या बाबतीत अशा सगळ्या चित्रपटांचा नकाशा रद्द समजावा, मात्र त्यामागची कल्पना, म्हणजे गुन्हेगार स्वतः दूर राहून दुसऱ्याच्या दारातून बोलतो ही, कायम ठेवावी.

चित्रपटाचे खरे दोष समीक्षकांनी बोट ठेवलेल्या जागी नाहीत, दुसरीकडे आहेत, आणि तेथे त्याला माफी नाही. पहिला असा की, या चोरीला बळी नाही. चोरायचा पैसा सरकारच्या विस्मृत खात्यातला दाखवल्याने तो कोणाच्याच खिशातून जात नाही, आणि प्रेक्षक निश्चिंतपणे चोराच्या बाजूने उभा राहू शकतो. कॉसमॉस ही १९०६ साली स्थापन झालेली सहकारी बँक असून तिचे ठेवीदार पेन्शनर, नोकरदार आणि छोटे व्यापारी आहेत. ठेवी सुरक्षित आहेत असे बँकेने जाहीर करेपर्यंत अशा घरांत जी धाकधूक असते, तिला या चित्रपटप्रकारात जागाच नाही. सोनू सूद यांच्या २०२५ च्या ‘फतेह’ने मोबाइलवरून कर्ज देणाऱ्या फसव्या ॲपच्या जाळ्यात सापडलेले गावकरी कथेच्या केंद्राशी आणले, आणि एवढ्यापुरता हा हिंदी चित्रपट हॉलिवूडच्या पुढे गेला, पण त्यांच्या दुःखावरचा इलाज म्हणून त्याने रक्तपाताखेरीज काही सुचवले नाही. दुसरा दोष स्त्रीचित्रणाचा. जिंजर ही कथेतील सर्वांत अधिक जाणणारी व्यक्ती असूनही कॅमेरा तिच्याकडे बुद्धीचा स्रोत म्हणून पाहत नाही, आणि साठ सेकंदांच्या परीक्षेतील तरुणीला तर साधन यापलीकडे अस्तित्वच नाही. तिसरा दोष गॅब्रिएलच्या देशभक्तीचा. दहशतवाद्यांना धडा शिकवण्यासाठी आपण दहशतवाद करतो, असे तो सांगतो, आणि चित्रपट या युक्तिवादाची तपासणी न करता त्याला एक देखणा सूट शिवून देतो.

या सर्व विवेचनाचा उत्तरपक्ष, म्हणजे खंडनानंतर टिकून राहणारा सिद्धान्त, असा की, हॅकरी मारधाडपट कळफलकाजवळ खोटा असतो आणि रस्त्यावर खरा असतो. त्याचे मूल्यमापन आजवर उलट बाजूने झाले आहे. विद्वान मंडळी बिटांवर हसतात आणि धावपळीला कंटाळतात, सामान्य प्रेक्षक बिटांनी दिपतात आणि धावपळीला टाळ्या देतात. वास्तविक दोघांनीही बिट सोडून द्यावेत आणि धावपळ लक्षपूर्वक पाहावी. चोरीच्या या धंद्यात भिवंडीच्या, मालेगावच्या किंवा इचलकरंजीच्या तरुणाला जी जागा देऊ केली जाते ती सात पडद्यांसमोरची नसते. ती बँकखाते भाड्याने देण्याची, दुसऱ्याच्या कार्डावर पैसे काढून देण्याची किंवा नावावर सिमकार्ड घेऊन देण्याची असते, आणि तिच्यासोबत येते ते कमिशन. काम क्षुल्लक, मोबदला अवाच्या सवा, मालक अदृश्य आणि घाई प्रचंड, ही चार लक्षणे ‘स्वॉर्डफिश’ने एकत्र दाखवली आहेत, आणि ती ओळखण्यासाठी संगणकाचे ज्ञान लागत नाही. फसवणूक झालेल्याने १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तातडीने कळवावे, असे सरकार सांगते. फसवणुकीचा हमाल होण्यापासून वाचवणारा क्रमांक कोणी काढलेला नाही, त्यामुळे ते काम शाळेला, घराला आणि नाइलाजाने सिनेमालाही करावे लागणार आहे. संगणकशास्त्रात शून्य, स्त्रीविषयक दृष्टीत शून्याच्याही खाली, आणि चोरीच्या श्रमव्यवस्थेच्या आकलनात पैकीच्या पैकी, अशी या चित्रपटाची गुणपत्रिका निघते. आणि पहिल्या विषयातील शून्यावरून ज्यांनी त्याला नापास केले, त्यांनी तिसऱ्या विषयाची उत्तरपत्रिका उघडलीच नव्हती.